रामबागेतल्या ४३ ट्यूबा

"घर खाली करायचंय, चार दिवस येशील का?" डिसेंबरच्या शेवटी इंदूरहून मावशीचा फोन आला.

पुण्याच्या माणसाला हे वाक्य ऐकून वाटतं, घर वर कुठेतरी आहे आणि ते खाली आणायचंय. इंदूर-बडोद्याच्या आपल्या मराठीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. काका जाऊन पाच वर्षं झाली. मावशी शहात्तरची, एकटी, जिने उंच. दादाने बायपासकडे फ्लॅट घेतला आणि रामबागेतलं जुनं घर विकायचं ठरलं. ज्या घरात माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या, ते खाली करायला मी नाही जायचं तर कोणी? लेकीच्या शाळेला चार दिवस दांडी मारली आणि ५ जानेवारीला, रविवारी सकाळी, आम्ही दोघी बडोद्याहून बसमध्ये बसलो. उत्तरायणाच्या आत परत येईन, असं वचन तिला द्यावं लागलं. बडोद्याच्या मुलीला १४ जानेवारीला गच्ची सोडून दुसरीकडे राहायला लावणं म्हणजे पापच.

गोध्रा, दाहोद, झाबुआ. दाहोदनंतर रस्ता डोंगरातून वळत जातो, आणि माळव्याचं पठार लागलं की दोन्ही बाजूंना हिरवागार गहू. धारनंतर मात्र बसमध्ये एकच विषय सुरू झाला, पीथमपूर. तीनच दिवसांपूर्वी, २ जानेवारीच्या पहाटे, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात चाळीस वर्षं पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरमधून तिथे आणला होता. मध्य प्रदेशातल्या कारखान्यांचा घातक कचरा जिथे नेतात, ते केंद्र पीथमपूरलाच आहे. दुसऱ्या दिवशी गावात बंद, दगडफेक, लाठीमार. पुढच्या सीटवरचे गृहस्थ तिथेच एका कारखान्यात नोकरीला होते. ते म्हणाले, "भोपाळवाल्यांनी चाळीस वर्षं सांभाळला, आता आमच्या गळ्यात."

लेकीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई, कचऱ्याला पोलीस बंदोबस्त?"

रामबागेत पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. घर तसंच होतं. तेच दगडी ओटे, तीच निळी दारं. दिवाणखान्यातल्या ट्यूबच्या लाकडी पट्टीवर मात्र आता एलईडीची पांढरी नळी. पहिला दिवस भांड्यांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा शिडी लावून माळ्यावर चढला आणि वरून ओरडला, "आई, हे काय आहे?"

कौलांखाली, भिंतीला लागून, सुतळीने पाच-पाचच्या जुड्या बांधून ठेवलेल्या ट्यूबलाईटी. आम्ही मोजल्या. आठ जुड्या आणि वर तीन सुट्ट्या, एकूण ४३. बहुतेकींवर मूळची पुठ्ठ्याची खोळ आणि खोळीवर काकांच्या बॉलपेनच्या अक्षरात नोंदी. ‘गणपती १९८७, बंद.’ ‘स्वयंपाकघर, मार्च ९४.’ ‘जोशींकडची.’ शेजारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा सीएफएल.

काका गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडल्यावर घरोघरी वायरिंगची कामं करायचे आणि गल्लीच्या गणपतीची रोषणाई तर कायम त्यांचीच. इंदुरात अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झाँक्या निघतात, ती परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे. त्या झाँक्यांच्या तोडीचं आपल्या गल्लीत काहीतरी हवं, असा काकांचा हट्ट असायचा. मांडवाच्या दोन्ही बाजूंना उभ्या ट्यूबा, त्यांना लाल, हिरवा, पिवळा जिलेटिन पेपर गुंडाळलेला. आम्ही मुलं चिकटपट्टीचे तुकडे दाताने तोडून काकांच्या हातात द्यायचो. आजच्या मुलांना तो थाट पाच मिनिटंही बघवणार नाही. आम्हाला तो स्वर्ग वाटायचा.

"पण गेलेल्या ट्यूबा कशाला ठेवल्या?" लेकीने विचारलं.

मावशी म्हणाली, "एकदा कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली होती. कचरा वेचणारं एक पोर त्यावर पाय देऊन गेलं. तळवा उभा चिरला. ह्यांनी त्याला सायकलवर घालून एम.वाय.ला नेलं, टाके घालून आणले. त्या दिवसापासून आपल्या घरची ट्यूब बाहेर गेली नाही. दुसऱ्यांच्याही घेऊन यायचे. मी ओरडायचे, काय संग्रहालय करताय का? म्हणायचे, कुठे टाकायची ते कोणी सांगितलं की टाकीन."

त्यांना कोणी सांगितलं नाही. भारतात तसा नियमच फार उशिरा आला. २०१६ च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ असा वेगळा प्रकार केला, आणि त्याच्या यादीत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या बॅटऱ्या, तुटलेले थर्मामीटर यांच्याबरोबर सीएफएल आणि ट्यूबलाईट ही नावं आली. त्याच वर्षीच्या ई-कचऱ्याच्या नियमांतही पाऱ्याचे दिवे घातले गेले. काकांची पहिली जुडी तोवर तीस वर्षांची झाली होती.

दुपारी दादाने रद्दीवाल्याला बोलावलं. त्याच्याबरोबर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. माळ्यावरचे जुने चोक बघून रद्दीवाला खूश झाला. चोकमध्ये लोखंड आणि तांबं असतं, त्याला वजनावर भाव मिळतो. ट्यूबांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, पण त्या मुलाने दोन उचलल्या, अंगणात नेल्या आणि मी काही बोलायच्या आत ओट्याच्या कडेवर आपटल्या. फट्! फट्! पांढरा धूर उडाला. टोकाच्या अॅल्युमिनियमच्या टोप्या काढून त्याने खिशात टाकल्या आणि तिसरी घ्यायला आला.

"अरे, मत फोड़ो!"

"कुछ नहीं होता आंटी. रोज फोड़ते हैं." तो हसला. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. ते त्याने पँटला पुसले.

मला त्या क्षणी काय आठवलं, ते लेकीला रात्री सांगितलं. बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या वाड्यात उत्तरायणाच्या आधी मांजा घरीच करायचे. बाटलीची काच जाड, ती वाटायला जीव जातो. ट्यूबची काच कागदासारखी पातळ. म्हणून मोठे भाऊ गल्लीभर फिरून गेलेल्या ट्यूबा गोळा करायचे, ओल्या गोणपाटात घालून फोडायचे आणि जुन्या खलबत्त्यात कुटायचे. भाताची पेज, रंग आणि ती पूड यांची लुगदी मुठीत घ्यायची आणि दोऱ्यावरून ओढत जायची. आतल्या पांढऱ्या पावडरीने आम्ही लहान मुली तोंड रंगवायचो. पावडर लावून गौर झालो म्हणून आरशात बघायचो.

ती पावडर म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ट्यूबलाईटच्या आत पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की त्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली पांढरी पूड ते शोषते आणि आपल्याला दिसणारा उजेड देते. पारा नसेल तर ट्यूब पेटतच नाही. आणि ट्यूब जसजशी जुनी होते तसतसा त्यातला बराच पारा त्या पुडीत आणि काचेतच बसतो. म्हणजे वापरून संपलेली ट्यूब फोडून आम्ही नेमका तोच भाग तोंडाला लावत होतो.

इथे मला घाबरवायचं नाहीये. प्रमाण लक्षात घ्यायला हवं. सीएफएलमध्ये साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो, काकांच्या काळातल्या जाड ट्यूबमध्ये त्याच्या कितीतरी पट. पण ताप बघायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभरेक सीएफएलांइतका. घरात एक ट्यूब फुटली म्हणून कोणी आजारी पडत नाही. प्रश्न रोज फोडणाऱ्याचा आहे. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही, ती श्वासातून आत जाते आणि मज्जासंस्था आणि मूत्रपिंड यांवर परिणाम करते. लहान मुलांना आणि गर्भातल्या बाळाला धोका जास्त. कचऱ्याच्या ढिगातून पारा पाण्यात उतरला की जिवाणू त्याचं आणखी विषारी रूप करतात आणि ते माशांत साठत जातं. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीला आलेला आजार ह्याच मार्गाने माणसांपर्यंत पोचला होता. तिथे पारा एका रसायन कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेला होता. पाऱ्यावरच्या जागतिक कराराला त्याच गावाचं नाव आहे. भारतही २०१८ पासून त्यात आहे, आणि २०२३ मध्ये त्या करारातल्या देशांनी ठरवलं की २०२७ पर्यंत ट्यूबलाईटींचं उत्पादन आणि आयात-निर्यात संपवायची.

उत्पादन संपेल. माळे कोण बघणार?

तर तो मुलगा. मावशीने त्याला मोरीवर नेऊन साबणाने दोनदा हात धुवायला लावले, आणि तिळाची चिक्की हातावर ठेवली. "बेटा, टोपियों के कितने मिलते हैं?" तिने विचारलं. त्याने जो आकडा सांगितला तो इथे लिहवत नाही. माझ्या लेकीपेक्षा तो दोन-तीन वर्षांनीच मोठा होता. मी त्याला पारा, वाफ वगैरे हिंदीत समजावायला लागले. तो मान डोलावत राहिला आणि जाताना रद्दीवाल्याच्या नकळत म्हणाला, "बाकी के कल ले जाऊँ?" माझं व्याख्यान कितपत पोचलं ते मला कळलं.

उरल्या ४१.

तिसऱ्या दिवशी दादाच्या डोक्यात आलं की आधी तपासू तरी, सगळ्या खरंच गेल्यात का. काकांची जुनी पट्टी भिंतीवर होती, चोक-स्टार्टरसकट. तुमच्यापैकी तरुण मंडळींनी हे पाहिलं नसेल म्हणून सांगते. जुनी ट्यूब बटण दाबल्याबरोबर लागत नसे. स्टार्टर म्हणजे अंगठ्याएवढी डबी. ती आधी दोन्ही टोकांच्या तारा तापवते, मग सर्किट तोडते, आणि त्या झटक्याला चोकमधून मोठा दाब मिळून ट्यूब पेटते. ते पहिल्या खेपेला जमलं नाही की पुन्हा, पुन्हा. म्हणून ती लुकलुकते. उशिरा कळणाऱ्याला ‘ट्यूबलाईट’ म्हणतात ते त्यावरूनच, आणि विनोद उशिरा समजला की ‘ट्यूब पेटली’. माझी लेक हे रोज बोलते, पण ट्यूब पेटताना तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

एक एक लावत गेलो. टोकं काळी झालेल्या लागणार नव्हत्याच. पण चार लागल्या! दोष त्यांचा नव्हताच, कधीतरी स्टार्टर गेला असणार आणि घरमालकाने ट्यूबच बदलून घेतली असणार. त्यातली एक ‘गणपती १९८७’ होती. दादा बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा स्वतः वायरमन, आणि चेक नाही केली?" मावशी म्हणाली, "गणपतीत त्यांना वेळ कुठे असायचा."

आणि ह्याच गडबडीत मावशीच्याच हातून एक सुटली. थंडी म्हणून खिडक्या-दारं बंद, खोलीत आम्ही चौघं. मावशीने सवयीने केरसुणी उचलली. लेक ओरडली, "आजी, झाडू नको!" आदल्या रात्री फोनवर वाचलेलं तिच्या डोक्यात ताजं होतं. केरसुणीने किंवा व्हॅक्यूमने पूड आणि वाफ खोलीभर पसरते. खिडक्या उघडल्या, सगळे बाहेर ओट्यावर जाऊन पंधरा मिनिटं कुडकुडत बसलो. मग हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच उचलली, बारीक कण चिकटपट्टीने टिपले, फरशी ओल्या कागदाने पुसली. काच, पुठ्ठा, पट्टी, कागद, सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं आणि शेवटी हात साबणाने धुतले. खिडक्या रात्रीपर्यंत उघड्या ठेवल्या. मावशी शाल गुंडाळून म्हणाली, "कैरीच्या लोणच्याची बरणी होती हो ती, चाळीस वर्षांची." तो टोमणा मला होता.

इंदूर २०१७ पासून ओळीने देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलंय, हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. त्याचं मला एवढं कौतुक वाटत नाही जेवढं सकाळच्या गाडीचं वाटतं. गाणं वाजवत ती गल्लीत शिरते, आणि तिला ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती घातक असे सहा कप्पे. चौथ्या दिवशी मी बरणी आणि सीएफएलचा डबा घेऊन दारात उभी होते. गाडीवरच्या ताईने बरणी उघडून न बघता घातकच्या कप्प्यात ठेवली, सीएफएल एक एक काढून घेतले आणि पत्र्याचा डबा परत दिला. मग मी ट्यूबा दाखवल्या.

"इतनी? ये तो आड़ी भी नहीं बैठेगी," ती म्हणाली. खरंच होतं. चार फुटांची ट्यूब त्या छोट्या कप्प्यात बसत नाही, आणि बसवायची तर तोडावी लागते. एखाद्-दुसरी असती तर ती हँडलला बांधून नेते म्हणाली. छत्तीस नाहीत. "तीनसौ ग्यारह पे डालो दीदी, अलग गाड़ी आएगी." ३११ म्हणजे इंदूर पालिकेचं तक्रारींचं अॅप.

मी विचारलं, हे घातकवालं शेवटी जातं कुठे? ती म्हणाली, "आगे का हमको क्या मालूम. वो पीथमपुर तरफ ही जाता होगा, जहाँ वो भोपाल वाला आया है."

नियमाने घरगुती घातक कचरा शेवटी घातक कचऱ्याच्या केंद्रातच जायला हवा, आणि इंदूरला तसं जवळचं केंद्र पीथमपूर, फक्त तीस किलोमीटरवर. रविवारी बसमध्ये त्या गृहस्थांचं ऐकताना मी पीथमपूरच्या बाजूने होते. बुधवारी माझी बरणी त्याच रस्त्याला लागली.

अखंड ट्यूबांचं तसं नाही. त्या न फुटता ई-कचऱ्याच्या नोंदणी असलेल्या प्रक्रियाकेंद्रात पोचल्या तर त्यातलं बहुतेक सगळं परत मिळतं. तिथे बंदिस्त यंत्रात त्या फोडतात. आतली हवा सतत ओढून घेतात आणि ती खास कोळशाच्या गाळणीतून नेतात, पाऱ्याची वाफ त्यात अडकते. काच वेगळी, अॅल्युमिनियमच्या टोप्या वेगळ्या, पांढरी पूड वेगळी, आणि ती पूड तापवून पारा पुन्हा मिळवता येतो. रद्दीवाल्याच्या मुलाने ओट्यावर केलं तेच काम, फक्त झाकणाखाली.

दादाने अॅपवर फोटो टाकला. दुपारभर आम्ही ट्यूबा बांधत बसलो. ज्यांना खोळ नव्हती त्यांना वर्तमानपत्र, मग जुन्या चादरीत सहा-सहाच्या जुड्या. सुतळी सैल, नाहीतर ताणानेच फुटते. लेकीने प्रत्येक जुडीवर स्केच पेनने ‘काच, पारा’ लिहिलं. काकांच्या नोंदी झाकू नकोस, असं मावशीने बजावलं, तेव्हा ती हसली नाही. चादर एका बाजूने उघडी ठेवली.

गुरुवारी सकाळी छोटी गाडी आली. दोघांनी जुड्या उभ्या रचल्या, मधे आमच्या जुन्या गाद्या घातल्या. मावशी ओट्यावरून सूचना देत होती, "आराम से, आराम से," जसं काही गणपतीची मूर्तीच चालली आहे. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

लागणाऱ्या चार ट्यूबांपैकी दोन शेजारच्या दुकानदाराने मागितल्या, त्याच्याकडे अजून चोकच्या पट्ट्या आहेत. एक दादाने काढून ठेवली, बंद पडली की तिचाही फोटो अॅपवर टाकायच्या अटीवर. दादाच्या फ्लॅटमध्ये तिला लावायला पट्टीच नाही, पण ते त्याला कोणी सांगितलं नाही.

चौथी, ‘गणपती १९८७’, त्या संध्याकाळी आम्ही रिकाम्या दिवाणखान्यात पुन्हा भिंतीवर चढवली. मावशीने बटण दाबलं. एकदा लुकलुकली, दुसऱ्यांदा लुकलुकली, टोकं केशरी झाली. लेक श्वास रोखून बघत होती. तिसऱ्यांदा पेटली. त्या उजेडात आम्ही सतरंजीवर बसून बडोद्याला न्यायच्या तिळगुळाच्या वड्या पाडल्या, आणि मावशी दर थोड्या वेळाने वर बघत होती.